भूजलात ट्रेसर डाय सोडायच्या आधी: परवानगी कुणाची, क्रम कुठला आणि माणसं कुठे चुकतात

"युरेनिन मागवलंय, दोन किलो आलंय, आता परवानगीचा अर्ज कुठे करू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की शेवटी सगळं एकदाच नीट लिहून टाकतोय. (युरेनिन ही पाणी हिरवं चमकवणारी ट्रेसर डाय, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे जातं ते शोधायला त्यात सोडायचा रंग.) प्रश्नातच चूक आहे, डाय आधी आली आणि विचार नंतर. आणि बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की डाय सुरक्षित असली, डब्यावर 'विषारी नाही' असं लिहिलेलं असलं, की परवानगी म्हणजे नुसती सही. तसं कुठेच नाही. जवळजवळ सगळ्या देशांत कायदा रंगाकडे बघतच नाही, तो बघतो तुमच्या कृतीकडे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात बाहेरून काहीतरी सोडण्याकडे. ते काहीतरी निरुपद्रवी आहे हे सिद्ध करणं हा अर्जातला एक भाग झाला, अख्खा अर्ज नव्हे.

एवढं डोक्यात बसलं की खालचा क्रम आपोआप पटेल. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं.

## १. आधी पाणी पिणाऱ्यांची यादी करा

सुरुवात डायपासून नाही आणि ऑफिसपासूनही नाही. नकाशा घ्या आणि डाय जिथे सोडायची तिथून पाणी जिथे जिथे निघू शकतं त्या सगळ्या जागा मांडा. झरे, विहिरी, बोअरवेल, नदीत आतून मिळणारे पाझर, मत्स्यशेती, बाटलीबंद पाण्याचे प्लांट, जनावरांची पाण्याची ठिकाणं, सगळं.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त 'अपेक्षित' झऱ्याचं नाव लिहिणं. अहो, पाणी कुठे जातं हे माहीत नाही म्हणूनच तर टेस्ट करताय ना, मग अर्जात एकाच झऱ्याचं नाव कसं काय? चुनखडीच्या म्हणजे कार्स्ट भागात तर वरची टेकडी पाणी डावीकडे-उजवीकडे वाटते असं दिसतं आणि खाली पाणी सरळ त्या टेकडीखालून पलीकडच्या खोऱ्यात निघून जातं. त्यामुळे यादी चारही बाजूंची हवी.

दुसरी चूक खाजगी विहिरींची. सरकारी नकाशावर मोठे पाणीपुरवठे असतात, एकट्या घराची विहीर बऱ्याचदा नसते. इंग्लंडमध्ये खाजगी पाणीपुरवठ्यांची नोंद स्थानिक कौन्सिल ठेवते, त्यामुळे फक्त एन्व्हायर्नमेंट एजन्सीला विचारून थांबलात तर यादी अर्धवट राहते. जिथे अशी नोंदच नाही तिथे पायी फिरून, दारोदार विचारून यादी करावी लागते. वेळ जातो, पण याला पर्याय नाही.

आणि सीमा बघा. स्लोव्हेनियात श्कोत्सियानच्या गुहांमध्ये रेका नदी जमिनीत शिरते आणि ते पाणी इटलीत त्रिएस्तेजवळ तिमावोच्या झऱ्यांवर बाहेर येतं. अशा ठिकाणी डाय एका देशात सोडली जाते आणि हिरवं पाणी दुसऱ्या देशातल्या माणसाला दिसतं. १९९२ चा हेलसिंकीचा जलकरार देशांनी अशा सामायिक पाण्याबाबत एकमेकांशी सहकार्य करावं म्हणूनच आहे. सरकारांचं सरकारं बघतील, पण पलीकडच्या पाणीपुरवठ्याला कळेल याची खात्री तुम्ही करून घ्यायची. राज्य, प्रांत, जिल्हा यांच्या सीमांनाही हेच लागू.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे मालकाचं नाव, फोन, रोजचा उपसा आणि वापर (पिणं, शेती, मासे) लिहिलंय का? एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## २. डाय नक्की कुठून आत जाणार ते कायद्याच्या भाषेत ठरवा

आपल्याला 'भोक' म्हणजे भोक वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. बोअरवेलमध्ये ओतलं, खणलेल्या खड्ड्यात ओतलं, नैसर्गिक सिंकहोलमध्ये (जमीन खचून पडलेल्या खड्ड्यात) ओतलं की जमिनीत गडप होणाऱ्या ओढ्यात ओतलं, यावर ऑफिससुद्धा बदलू शकतं.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे अंडरग्राउंड इंजेक्शन कंट्रोल नावाची व्यवस्था आहे, १९७४ च्या सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्टमधून आलेली. तिच्यात 'विहीर' म्हणजे ड्रिल केलेलं किंवा खणलेलं असं भोक ज्याची खोली त्याच्या रुंदीपेक्षा जास्त आहे, शिवाय माणसाने बदल केलेला सिंकहोलही त्यात धरतात. म्हणजे सिंकहोलच्या तोंडाशी तुम्ही पाइप बसवला, थोडं खोदलं, की तो 'नैसर्गिक' राहिला नाही. टीमने सोयीसाठी पाइप बसवायचा आणि अर्जात मात्र नैसर्गिक सिंकहोल लिहायचं, असं होऊ देऊ नका.

ओढ्यात सोडत असाल तर ते भूजल होण्याआधी भूपृष्ठावरचं पाणी आहे, तिथे वेगळे नियम लागतात. कॅनडात फिशरीज ॲक्टच्या कलम ३६ प्रमाणे मासे असलेल्या पाण्यात अपायकारक पदार्थ सोडायला बंदी आहे, त्यामुळे ओढ्यात मासे आहेत का आणि झरा जिथे बाहेर येतो तिथे आहेत का, हे दोन्ही लिहून द्यावं लागतं.

## ३. डाय निवडा आणि तिचं खरं नाव लिहा

अर्ज परत येण्याचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नावातला घोळ. 'रोडामाईन' हे एका डायचं नाव नाही, ते कुटुंब आहे. रोडामाईन डब्ल्यूटी वेगळं, रोडामाईन बी वेगळं, सल्फोरोडामाईन बी त्याहून वेगळं, आणि तपासणारा अधिकारी 'रोडामाईन' एवढंच वाचून सगळ्यात वाईट असलेलं गृहीत धरतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून प्रत्येक डायचा कलर इंडेक्स (रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतलं नाव) लिहा. युरेनिन म्हणजे ॲसिड यलो ७३, इओसिन म्हणजे ॲसिड रेड ८७, सल्फोरोडामाईन बी म्हणजे ॲसिड रेड ५२, रोडामाईन डब्ल्यूटी म्हणजे ॲसिड रेड ३८८. सोबत कॅस नंबर (रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), युरेनिनचा ५१८-४७-८. फ्लोरेसिन आणि युरेनिन हे शब्द लोक एकमेकांऐवजी वापरतात पण खरेदी करताना जपा, युरेनिन हे फ्लोरेसिनचं सोडियम मीठ आहे आणि ते पाण्यात मस्त विरघळतं, नुसतं फ्लोरेसिन जवळजवळ विरघळतच नाही. चुकीचा डबा आला तर परमिटवरचं नाव आणि डब्यावरचं नाव जुळत नाही आणि टेस्टही फसते.

आता देशांमधला फरक. अमेरिकेत रोडामाईन डब्ल्यूटी सर्रास वापरतात, नदीच्या कामात तर तीच नेहमीची डाय. जर्मनीत ट्रेसरच्या विषारीपणाची तपासणी झाली तेव्हा तीच डाय जनुकांना धोका दाखवणारी ठरली आणि ती वापरू नका असा सल्ला निघाला, युरेनिन, इओसिन, पायरानिन, टिनोपाल सीबीएस-एक्स, नॅफ्थिओनेट हे मात्र चालण्यासारखे ठरले. म्हणजे एका देशातली परमिटची कॉपी दुसऱ्या देशात पुरावा म्हणून जोडली तर उलटाच परिणाम होऊ शकतो. रोडामाईन बी आणि ६जी तर कुठेच वापरू नका, हे माझं स्पष्ट मत.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी युरेनिनच सांगतो. अतिशय कमी प्रमाणात पकडता येतं, जमिनीतल्या मातीला फार चिकटत नाही, आणि बहुतेक ठिकाणच्या अधिकाऱ्यांना ओळखीचं आहे. दोन गोष्टी सांभाळा, उन्हात ते पटकन विरतं आणि आम्लधर्मी पाण्यात त्याची चमक कमी होते.

डायऐवजी ब्रोमाइडचं मीठ वापरायचा विचार असेल आणि खाली कुठे ओझोन वापरणारा जलशुद्धीकरण प्लांट असेल, तर थांबा. ओझोन आणि ब्रोमाइडमधून ब्रोमेट तयार होतं आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा अमेरिकेत आणि युरोपियन युनियनमध्ये फक्त १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. किरणोत्सारी ट्रेसरचा मार्ग पूर्ण वेगळा, तिथे अणुऊर्जा नियामकाचं लायसन्स लागतं, या लेखातल्या पायऱ्या त्याला पुरणार नाहीत.

## ४. किती सोडायची, हे कागदावर दाखवा

'साधारण एक किलो' हे उत्तर नाही. अधिकाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: सगळ्यात वाईट परिस्थितीत पिणाऱ्याच्या नळाशी किती येईल?

साधा हिशोब असा. समजा झऱ्याचा प्रवाह सेकंदाला १०० लिटर आहे आणि डायचा लोट ४८ तासांत निघून जातो. त्या वेळात झऱ्यातून जाणारं पाणी १ कोटी ७२ लाख ८० हजार लिटर. त्यात १ किलो शुद्ध डाय पूर्णपणे आली तर सरासरी ५८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर पडते, आणि लोटाचं टोक सरासरीच्या दुप्पट धरलं तर सुमारे ११५. पाणी स्पष्ट हिरवं दिसेल. तेच १०० ग्रॅम घेतलं तर टोक ११-१२ च्या आसपास, म्हणजे डोळ्याला जेमतेम झाक दिसेल किंवा दिसणारही नाही आणि फ्लोरोमीटर (डायची चमक मोजणारं यंत्र) मात्र ते अगदी आरामात पकडेल. दहापट कमी डाय, टेस्ट तीच, आणि फोन एकही नाही!

हिशोब नेहमी झऱ्याच्या सगळ्यात कमी प्रवाहावर आणि सगळ्यात कमी वेळात लोट निघाला असं धरून करा, आणि डाय पूर्ण बाहेर आली असं धरा. लोक उलट करतात, सरासरी प्रवाह घेतात, वर 'अर्धी तर जमिनीतच राहील' असं म्हणतात. मोजून झाल्यावर तसं कळलं तर ठीक, अर्जात तो भरवसा धरू नका.

तुलनेला आकडे हवेत तर हे घ्या. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मूल्यांकनात भूजल जिथे बाहेर पडतं किंवा उपसलं जातं तिथे फ्लोरोसंट डाय २४ तासांहून जास्त काळ १ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर राहू नये अशी शिफारस आहे. रोडामाईन डब्ल्यूटीसाठी अमेरिकेतले आकडे बरेच कडक आहेत, पाणी उचलण्याच्या जागी १० मायक्रोग्रॅम आणि प्रक्रिया होऊन नळाला जाणाऱ्या पाण्यात ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. बघा, डाय बदलली की मर्यादा किती बदलते. आणि मर्यादेत असलेलं पाणीसुद्धा हिरवं दिसू शकतं, माणूस हिरवं पाणी पीत नाही, त्याने पिऊही नये, म्हणून मी मर्यादेवर नाही तर 'दिसणार नाही' या पातळीवर डिझाइन करतो.

सावधान: परमिटमधलं वजन शुद्ध डायचं आहे की डब्यातल्या मालाचं? द्रवरूप रोडामाईन डब्ल्यूटी बहुतेक २० टक्क्यांचं येतं, म्हणजे ५ किलो माल म्हणजे १ किलो डाय. पावडरही शंभर टक्के शुद्ध नसते. आमच्याच एका टेस्टमध्ये अर्जात मालाचं वजन लिहिलं गेलं आणि अधिकाऱ्याने ते शुद्ध डायचं समजून परवानगी नाकारली, अख्खा हंगाम गेला. दोन्ही वजनं लिहा, शेजारी शेजारी.

## ५. आता देशाप्रमाणे दार ठोठवा

इथपर्यंत आलात की अर्जातलं ७० टक्के काम झालंय.

युरोपियन युनियन. मूळ नियम आहे २००० चा वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह. त्याच्या कलम ११ मध्ये भूजलात प्रदूषक थेट सोडायला मनाई आहे, पण त्यातच एक खिडकी ठेवलीये: पाण्याचा अभ्यास किंवा सुधारणा करण्यासाठी, वैज्ञानिक कारणाने, अत्यावश्यक तेवढीच छोटी मात्रा. २००६ च्या भूजल डायरेक्टिव्हमध्येही तशीच सवलत आहे. लोक हे वाचून खूश होतात आणि समजतात की परवानगी मिळालीच, मोठी गफलत होते ती इथे. डायरेक्टिव्ह देशांना सवलत *ठेवू देतो*, ती तुमच्या हातात देत नाही, ती तुमच्यापर्यंत देशाच्या कायद्यातून आणि स्थानिक ऑफिसमधून येते. आणि 'अत्यावश्यक तेवढीच' हे शब्द आहेत म्हणून चौथ्या पायरीचा हिशोब जोडायचा.

जर्मनी. राष्ट्रीय जलकायदा एक, पण अर्ज बघणारं ऑफिस जिल्हा पातळीवरचं जलखातं. तिथे जलसंरक्षण क्षेत्रं आखलेली असतात आणि त्यातला दुसरा पट्टा, म्हणजे पाणी विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतात तिथपर्यंतचा, हा फार संवेदनशील. तुमची जागा त्यात येत असेल तर पहिल्या ओळीतच सांगा, लपवून नंतर सापडलं तर पुढचं काही वाचलं जात नाही. राज्यागणिक पद्धत बदलते.

स्वित्झर्लंड. कॅन्टनचं (तिथल्या राज्याचं) जलसंरक्षण खातं हे पहिलं दार. शिवाय संघराज्याच्या पर्यावरण खात्याची इन्फो-ट्रेसर नावाची समन्वय व्यवस्था आहे, जिथे नियोजित टेस्ट कळवायची. कारण अगदी व्यवहारी आहे, शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या टीमने तीच डाय त्याच महिन्यात सोडली तर दोघांचेही निकाल कचऱ्यात. अशी व्यवस्था सगळीकडे असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटन. ब्रिटन हा एक देश धरून अर्ज करू नका. इंग्लंडला एन्व्हायर्नमेंट एजन्सी, वेल्सला नॅचरल रिसोर्सेस वेल्स, स्कॉटलंडला सेपा, उत्तर आयर्लंडला तिथली वेगळी एजन्सी. इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ चे एन्व्हायर्नमेंटल परमिटिंग नियम आहेत, भूजलात काही सोडायला परमिट लागतं आणि छोट्या ट्रेसर टेस्टसाठी अटींसह सूट मिळू शकते. अटी पाळल्यात तरच सूट. पिण्याच्या स्रोताभोवतीचा पहिला संरक्षण पट्टा तिथेही ५० दिवसांच्या प्रवासावर आणि कमीत कमी ५० मीटर त्रिज्येवर आखलेला असतो, त्याच्या आत असाल तर सूट गृहीत धरू नका, आधी बोला.

आयर्लंड. तिथला भूगर्भ सर्वेक्षण विभाग झालेल्या ट्रेसर टेस्टची माहिती साठवतो. अर्ज करण्याआधी तीच बघा, कधी कधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असतं आणि टेस्टची गरजच राहत नाही.

अमेरिका. बोअरमधून किंवा बदललेल्या सिंकहोलमधून सोडलं तर ती बहुतेक क्लास ५ ची इंजेक्शन विहीर ठरते. अशा विहिरी साधारण 'नियमानेच परवानगी' या प्रकारात येतात, म्हणजे स्वतंत्र परमिट नाही, पण दोन अटींवर: सोडण्याआधी विहिरीची माहिती ऑफिसला द्यायची आणि पिण्याच्या भूजलाला धोका होता कामा नये. 'परमिट लागत नाही' एवढं ऐकून लोक माहितीच देत नाहीत आणि मग ती परवानगी उरतच नाही. काही राज्यांत हे काम राज्य करतं, काही ठिकाणी केंद्राच्या ईपीएचं (पर्यावरण संस्थेचं) विभागीय ऑफिस, ते आधी शोधा. त्याशिवाय राज्याचे स्वतःचे नियम: मिसूरीत ट्रेसर टेस्ट करणाऱ्याला राज्याच्या भूगर्भ विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि सोडण्याआधी कळवावं लागतं, केंटकीतही जलविभागाला कळवायची पद्धत आहे. कार्स्टवाल्या राज्यांत असं काहीतरी असणारच असं धरून चाला.

न्यूझीलंड. १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टचं कलम १५ सांगतं की पाण्यात काही सोडायचं तर राष्ट्रीय मानक, प्रादेशिक प्लॅनमधला नियम किंवा स्वतंत्र कन्सेंट (परवानगी) यातलं काहीतरी पाठीशी हवं. म्हणून आधी त्या प्रादेशिक कौन्सिलचा प्लॅन वाचा, ट्रेसरची कृती तिथे अटींसह मोकळी असेल तर कन्सेंटचा खर्च वाचतो. एका कौन्सिलचा नियम दुसरीकडे चालत नाही.

भारत. ट्रेसर डायसाठी असा वेगळा फॉर्म शोधत बसू नका. लागू होतो तो १९७४ चा जल प्रदूषण कायदा. त्याचं कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत विषारी, घातक किंवा प्रदूषणकारी पदार्थ जाऊ द्यायला मनाई करतं, आणि 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीखालचं पाणीही येतं. पाण्याचा रंग बदलणं हा भौतिक गुणधर्मातला बदल, त्यामुळे 'डाय विषारी नाही' एवढ्यावर भागत नाही. व्यवहारात करायचं ते असं की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला हिशोबासकट पत्र द्यायचं, राज्याच्या भूजल यंत्रणेला (महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा) सोबत घ्यायचं, आणि जिल्हा प्रशासन व पाणीपुरवठा बघणारी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांना लेखी कळवायचं. पोचपावती सगळ्यांची.

तपासा: 'परमिट लागत नाही' असं उत्तर आलं का? मग तेही लेखी घ्या, ईमेल चालेल, पण त्यात डायचं नाव, वजन, जागा आणि तारीख असू द्या. फोनवरचं 'करा हो, काही नाही' हे हिरवं पाणी दिसल्यावर कुणालाच आठवत नसतं.

## ६. अर्जाचं पाकीट

फार लिहीत नाही. नकाशा, पहिल्या पायरीची यादी, डायचं पूर्ण नाव आणि सेफ्टी डेटा शीट, दोन्ही वजनं, हिशोब, सोडायची पद्धत, मागून किती पाणी ओतणार आणि ते कुठून आणणार, कुठे कुठे किती दिवस मोजणार, आणि काही बिघडलं तर कोण कुणाला फोन करणार. हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. त्यात नळाला पर्यायी पाणी कुठून येईल हेही लिहा.

तारीख एकच लिहू नका, खिडकी लिहा. पावसाने प्रवाह बदलला की एका तारखेची परवानगी वाया जाते. आणि दोन-तीन महिने तरी हातात ठेवून अर्ज करा.

## ७. बॅकग्राउंड सॅम्पल, डाय विकत घेण्याआधी

हो, आधी. बॅकग्राउंड म्हणजे डाय सोडण्याआधीच पाण्यात असलेली चमक. पाण्यात कुणीतरी आधीच काहीतरी चमकणारं सोडलेलं असतं. गाडीच्या कूलंटमध्ये बऱ्याचदा फ्लोरेसिन असतं, कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात, त्यामुळे वस्तीच्या सांडपाण्याजवळ टिनोपाल (तेही ब्राइटनरच) निवडलं तर निकालाचा अर्थच लागत नाही. दोन फेऱ्या तरी करा, एक कोरड्या दिवसांतली आणि एक पावसानंतरची. चारकोलच्या पुड्या (पाण्यात टांगून डाय शोषून धरणाऱ्या) लावणार असाल तर बॅकग्राउंडच्याही लावा, नुसतं बाटलीतलं पाणी पुरत नाही.

बॅकग्राउंडमध्ये तुमचीच डाय सापडली तर डाय बदला आणि ऑफिसला बदल कळवा. जुन्या परवानगीवर नवी डाय चालत नाही, मात्रा कमी असली तरी नाही.

## ८. माणसांना कळवा

परवानगी आली म्हणजे लोकांना कळलं असं नाही. पाणीपुरवठ्याचा ऑपरेटर, खाजगी विहिरींचे मालक, आरोग्य खातं, पोलीस, अग्निशमन, पर्यावरणाची हेल्पलाइन, सगळ्यांना एक साधं पानभर पत्र: काय सोडतोय, कधी, रंग दिसला तर कसा दिसेल, कुणाला फोन करायचा. सोडण्याच्या दोन दिवस आधी परत एकदा. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण सकाळी नळाला हिरवं पाणी बघणाऱ्या बाईला तुमच्या मायक्रोग्रॅमशी काही देणंघेणं नाही, तिच्या घरात लहान मूल आहे आणि ती घाबरलीये, तिची भीती खरी आहे.

## ९. सोडायचा दिवस

क्रम असा ठेवा.

१. सॅम्पल घेणारी टीम आणि डाय हाताळणारी टीम वेगळी. गाडी वेगळी, हातमोजे वेगळे, पेनसुद्धा वेगळं. हे मी चुकून शिकलोय: डायच्या दिवशी घातलेलं जॅकेट दुसऱ्या दिवशी चारकोल बदलताना घातलं आणि सहा झऱ्यांवर 'पॉझिटिव्ह' आलं, सगळं खोटं.

२. पावडर जागेवर उघडू नका. वाऱ्याने उडालेला कणही पुरतो. आदल्या दिवशी बंद खोलीत पाण्यात विरघळवून घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये न्या.

३. त्या दिवशीचा प्रवाह मोजा. हिशोबात धरलेल्या किमान प्रवाहापेक्षा कमी असेल तर सोडू नका. परवानगी हातात असली तरी.

४. बोअर किंवा सिंकहोल पाणी घेतंय का ते आधी साधं पाणी ओतून बघा. पाणी तुंबलं तर डाय तिथेच साचून राहते आणि नंतर एका पावसात सगळी एकदम निघते.

५. डाय सोडा, मागून पाणी. ते क्लोरीनवालं नळाचं पाणी असेल तर क्लोरीन डाय खातो, म्हणून क्लोरीन नसलेलं वापरा किंवा आधी काढून टाका.

६. वेळ, रिकाम्या कॅनचं वजन, फोटो, हजर असलेल्यांची नावं, लगेच तिथेच लिहा.

सावधान: परमिटपेक्षा 'थोडं जास्त टाकूया, नक्की दिसेल' असं कुणीतरी म्हणणारच. ठाम नाही म्हणा. सिग्नल कमी पडला तर सॅम्पल जास्त वेळा घ्या, डाय वाढवू नका.

## १०. त्यानंतर

सॅम्पल गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून लांब. प्रत्येक फेरीत एक ब्लँक बाटली (डाय नसलेल्या स्वच्छ पाण्याची) असू द्या. युरेनिनचं सॅम्पल आम्लधर्मी पाण्यातलं असेल तर मोजण्याआधी पीएच वर आणा, नाहीतर असलेली डायही कमी दिसते.

पाणी दिसण्याइतकं रंगलं तर वाट बघू नका, लगेच ऑपरेटरला फोन, उपसा बंद, मग ऑफिस, मग मोजमाप. आपल्याला आधी आकडा काढायची खुमखुमी असते. आधी फोन.

मोजणी थांबवायची ती आकडा बॅकग्राउंडला परत आल्यावर, वेळापत्रक संपलं म्हणून नाही. उशिरा येणारी शेपटी फार लांब असू शकते आणि पुढच्या टीमचं बॅकग्राउंड तीच बिघडवते.

रिपोर्टमध्ये किती डाय परत मिळाली तो हिशोब द्या आणि जिथे डाय *आली नाही* त्या जागाही लिहा, नकारात्मक निकाल लोक गाळतात आणि तीच जागा चार वर्षांनी दुसरं कुणीतरी परत तपासतं. मिसूरी, आयर्लंड, स्वित्झर्लंडसारखी नोंदवही जिथे आहे तिथे भरा, जिथे नाही तिथे भूजल खात्याला एक प्रत द्या. आणि आठव्या पायरीत ज्या ज्या घरी पत्र दिलं होतं त्या प्रत्येक घरी दुसरं पत्र द्या की टेस्ट संपली, तुमच्या विहिरीत एवढं आलं किंवा काहीच आलं नाही.